उजवा कान

संस्थेचे चिटणीस घरी येऊन सांगून गेले,
वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक तुम्हीच हवेत, साहेब.
तुमच्या निकालावर अपील नाही.
आणि चहा संपेपर्यंत स्वतःच्याच विनोदावर हसले.

कुमुद म्हणाली, जा.
माझ्या फोडण्यांवर निकाल देण्यापेक्षा
पोरांना मार्क द्या.

लोकांना वाटतं न्यायाधीश बोलतो.
एकतीस वर्षं मी ऐकलं,
आणि लघुलेखकाच्या बोटांकडे बघत
स्वल्पविरामासकट हळूहळू सांगत गेलो.
साक्ष गुजरातीत, निकाल इंग्रजीत,
आणि झोपेत बरळायचो ते, कुमुद सांगते, शुद्ध मराठीत:
पुढची तारीख. पुढची तारीख.

निरोप समारंभात बोलायला उभा राहिलो
तर समोर विरुद्ध पक्षच नव्हता.
सगळे माझ्याच बाजूचे.
तिसऱ्या वाक्याला अडलो. पेढे आले, निभावलं.

सकाळी सूरसागरला एक फेरी मारतो.
न्यायमंदिराला आता कुलूप,
कमानींत कबुतरं, त्यांचं कामकाज चालू.
तिथून जाताना अजून हात कॉलरशी जातो,
मफलर असला तरी.

गेल्या पौषात वळणावरच्या गाडीपाशी थांबलो.
सेव-उसळ, तिखट कमी, म्हटलं.
म्हाताऱ्यानं ऐकलं नाही.
दुसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा त्यानं सबंध मान फिरवली,
उजवा कान पुढे केला:
हं, बोलो काका.

शनाभाई पढियार.
गोदामाचा रखवालदार, शेंगदाण्याची अकरा पोती.
माझ्या कोर्टात पिंजरा भिंतीला लागून,
शिरस्तेदार त्याच्या डाव्या हाताला,
आणि वर तो पंखा, खडखडणारा,
ज्याच्या दुरुस्तीसाठी मीच तीनदा पत्र लिहिलं होतं.
तमारे कंई कहेवुं छे?
तो समोर बघत राहिला.
मी सांगितलं, लिहा: आरोपीला काही सांगायचं नाही.
वाचून दाखवलं. समजलं. अंगठा.
सहा महिने.

पुरावा होता, तसा.
साक्षीदार तीन, किल्ली त्याच्याकडे.
कानाचं तेव्हाही असंच होतं की मागाहून झालं, कोण सांगणार.
संशयाचा फायदा द्यायचा तर कोणाला,
यावर मी रोज रात्री निकाल राखून ठेवतो.
त्यानं मला ओळखलं नाही.
किंवा ओळखलं. पाव एक जास्त दिला होता.

दांडिया बाजारातला हॉल. विषय: पाणी.
'थेंब थेंब' म्हणताना प्रत्येक मुलाचा हात
एकाच उंचीवर, एकाच बाईंनी शिकवल्यासारखा.
सातवीतली ओवी दिघे आली.
अध्यक्ष महाशय, गुरुजनवर्ग आणि माझ्या
इथं थांबली.
बाई खालून ओठांनी 'बालमित्रांनो' करत होत्या.
डावीकडून.
शेजारचे परीक्षक घंटेकडे सरकले,
मी घंटेवर पंजा ठेवला.
पंखा चालू होता. नवा होता, पण मला ऐकू येत होता.

उठलो, टेबलाला वळसा घालून तिच्या उजवीकडे गेलो.
बाळ, ऐकू येतंय ना?
ती म्हणाली, येतंय की. आठवत नाहीये.
हॉल हसला. ती पण हसली.
फक्त माझेच पाय लटपटत होते.

गुणपत्रिकेत रकाने: आवाज, उच्चार, हावभाव, मांडणी.
गप्प राहण्याला रकाना नाही.
चिटणीस म्हणाले, साहेब, कोरं नका ठेवू,
काहीतरी आकडा टाका.
टाकला.

घरी मिक्सर चालू होता.
कुमुदनं आतून काहीतरी विचारलं,
दोनदा विचारलं असावं.
मी नेहमीसारखा हं म्हणणार होतो.
उठून आत गेलो, बटण बंद केलं,
तिच्यासमोर उभा राहिलो. आता विचार.
ती म्हणाली, काही नाही हो,
खोबरं पुरेल का, एवढंच.