अर्धा गुण

शुक्रवारी पहाटे, सोहारला,
खोली झोपलेली असते तेव्हा
मी मास्क लावून बसतो. मशीन घरघरतं.
समुद्राच्या दुप्पट खारट वाफ
वीस मिनिटं आत ओढायची,
मग टॉवेलात तोंड खुपसून खोकायचं,
म्हणजे वरच्या बंकवरचा कुन्हंबू उठणार नाही.
तो जागाच असतो. कूस बदलल्याचं नाटक करतो.

आजाराचं नाव लांबलचक.
डॉक्टर इब्तिहाज कामापुरत्या हिंदीत म्हणाल्या,
तुझा प्रकार सौम्य.
सौम्य हे मला एका संवत्सराचं नाव म्हणून माहीत होतं.
त्यांनी कागदावर दोन रेघा ओढल्या,
एक आईची, एक बापाची,
दोन्हींवर एकेक टिंब.
इथे एक अक्षर चुकलंय, इथे एक.
पहिल्याचा अर्थ पुस्तकात आहे.
दुसऱ्याचा अजून कुणाला लागलेला नाही.

मला चौथीतल्या घरतबाई आठवल्या.
मी पाणी ऱ्हस्व लिहिलेलं.
अरे, पाणि म्हणजे हात,
म्हणाल्या, आणि अर्धाच गुण कापला.
तर माझ्या प्रत्येक पेशीच्या दारावर
कुणीतरी ऱ्हस्व लिहून ठेवलंय.
दार उघडतं.
पण जरा उशिरा, आणि फटीएवढंच.

लहानपणी कळायला हवं होतं, त्या म्हणाल्या.
आईला मुका घेताना तू खारट लागला नाहीस?
आता यांना काय सांगू.
आमचं गाव मिठागरांचं.
बाप खारट, बैल खारट, दोरीवरचं लुगडं वाळून
पापडासारखं कडक व्हायचं.
आख्ख्या आळीत एक पोर गोडं नव्हतं.
सर्दी? सगळ्यांना. खोकला? सगळ्यांना,
माझा फक्त गणपतीपासून शिमग्यापर्यंत.

इथेही तसंच.
भट्टीच्या शेडमधून बाहेर आलो की
प्रत्येकाच्या पाठीवर पांढरा नकाशा.
माझा अंमळ मोठा.
तुझा देश मोठा आहे रे, कुन्हंबू म्हणायचा.
भिंतीवर चार भाषांत लिहिलेलं, पाणी प्या.
मी आज्ञाधारक. सात लिटर प्यायलो एका दिवसात,
आणि बसच्या पायरीवर
पोटऱ्या पिळवटून पडलो.
इस्पितळात शुद्धीवर आलो तेव्हा
नर्स बाटली टांगत होती.
मी विचारलं, काय आहे?
मिल्ह, ती म्हणाली. मीठ.
इतक्या वर्षांत मला कुणी
पाण्याऐवजी दुसरं काही द्यायचा विचार केला नव्हता.

व्हिसासाठी दर दोन वर्षांनी छातीचा फोटो.
रांगेत मी खोकला
जिभेखाली धरून उभा राहतो, चोरीच्या खडीसाखरेसारखा.
श्वास रोखा, आतला माणूस सांगतो.
यंदा उजवीकडे वर एक डाग निघाला.
तो डाग क्षयाचा नाही हे ठरेपर्यंत
तीनदा थुंकी दिली, एकोणीस दिवस थांबलो,
बॅग भरून पलंगाखाली.
सौम्य, मी स्वतःला म्हणायचो. सौम्य.
या शब्दाला फॉर्मवर रकाना नाही.

बापाला फोनवर सांगितलं.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, आपले घरान मीठ कमी परला?
आणि हसायला लागला, हसता हसता खोकायला.
मी कान देऊन ऐकत राहिलो.
ओला की कोरडा, ते या लाइनवर कळत नाही.

महिन्याभराने हसुरामच्या हातून पिशवी आली.
आमचं आगर भराव टाकून बुजवलं
त्याच्या आदल्या वर्षीचं जाडं मीठ, करड्या झाकेचं,
माळ्यावर ठेवलेलं.
विमानतळावर म्हणे अधिकाऱ्याने
एक खडा जिभेवर ठेवून पाहिला.

रात्री कंजीत चिमूटभर टाकलं,
मग अजून एक.
कुन्हंबूने माझ्या ताटातलं चमचाभर घेतलं
आणि बेसिनकडे पळाला.
मी सावकाश जेवलो.
तळाशी उरलेलंसुद्धा.