आतून कडी

खोलीला तीनच भिंती होत्या.
हे आधीच सांगून टाकते,
म्हणजे मागाहून कुणी विचारायला नको
की आतून कडी असताना खुनी निसटला कसा.
चौथ्या भिंतीच्या जागी आम्ही होतो:
चाळीस माणसं, घरघर ऐकू जाऊ नये म्हणून
रजईत गुंडाळलेला कॅमेरा,
आणि चहाची गाडी ढकलणारी मिसेस प्लमली.

एकोणीसशे चौतीस. मिडलसेक्समधली पत्र्याची शेड.
बाहेर फेब्रुवारी,
आत सर ऑब्री यांचं ग्रंथालय.
पुस्तकांच्या नुसत्या पाठी, प्लायवुडवर डकवलेल्या.
शेकोटीतला जाळ म्हणजे लाल कागद आणि पंखा.
कडी तेवढी खरी.
ती विल्फ ऑकेंडन सुताराने
घरच्या कोंबड्यांच्या खुराड्याची उपसून आणलेली,
कारण स्टुडिओतली कडी, म्हणे, खोटं बोलल्यासारखी सरकते.
आठवडाभर त्याच्या कोंबड्या सुतळीवर होत्या.

माझं काम नोंदींचं.
पेल्यात व्हिस्की किती (ती म्हणजे गार चहा),
मेणबत्ती किती बोटं उरली,
घड्याळ नऊ दहा, सुरीची मूठ दाराकडे,
मेलेल्याचा डावा हात गालिच्याच्या तिसऱ्या फुलावर.
वेळ पुढे सरकू द्यायची नाही,
याचा मला आठवड्याला पगार मिळे.

मेलेला म्हणजे पर्सी थ्रेलफॉल.
जिवंतपणी त्याला वाक्यं दोन:
"दिवा राहू दे, बेन्स," आणि "कोण आहे?"
मग पाच दिवस मरण, रोजचा दीड पौंड.
मधल्या सुट्टीतही तो उठत नसे.
उठला की सुरी पुन्हा बसवायला वीस मिनिटं जात.
मिसेस प्लमली त्याला आडव्यानेच बशीतून चहा पाजी
आणि प्रेताचं नाक पुसून देई.
सर्दी झाली होती त्याला.

शुक्रवार. सहावा टेक.
इन्स्पेक्टर खिडकीवरची धूळ बोटाने निरखतो, म्हणतो,
"या खोलीत, सभ्य गृहस्थहो,
कुणी आलं नाही आणि कुणी गेलं नाही."
आणि त्याच्या बुटापाशी
पर्सीच्या जाकिटाचं दुसरं बटण वर आलं.
खाली गेलं.
एक श्वास. चोंदल्या नाकाचा, साधा.

दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं.
फिल्म संपत आली होती, पैसे त्याच्याही आधी.
पर्सीचे ओठ निळे पडलेले,
आणि त्या दिवशी ते कुणी रंगवले नव्हते.
मी वहीत लिहिलं: ठीक.

सिनेमा सहा दिवस चालला,
तोही दुसऱ्या एका सिनेमाच्या शेपटीला बांधून.
एकेचाळीसच्या मे महिन्यात पर्सी हल शहरात
एका गोदामाच्या छपरावर आगीची राखण करत होता.
सकाळी छप्पर नव्हतं.
पुरायलाही काही मिळालं नाही, असं त्याच्या बहिणीने कळवलं.
मी ते पत्र वहीतच ठेवलं, त्याच पानात. का, ते विचारू नका.

आता वर्दिंगच्या या वृद्धाश्रमात
रविवारी जेवणानंतर जुने सिनेमे लावतात.
मिसेस गॅदरकोल म्हणतात, बटलर.
नर्सला वाटतं, भाची.
खुनी कोण, ते मला खरंच आठवत नाही.
मी चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढते,
इन्स्पेक्टर खिडकीकडे वळला की त्याचं ऐकत नाही,
खाली बघते, बुटापाशी.

वर येतं.
खाली जातं.

"अहो, मढं हललं!" मिस्टर प्यू ओरडतात.
जन्म गेला त्यांचा लोकांचे गॅसचे मीटर तपासण्यात,
नजर अजून शाबूत.
सगळे माझ्याकडे बघतात. मी तिथे होते, हे त्यांना ठाऊक आहे.

"छे," मी म्हणते.
"तशी नोंद नाही."