पाच नंबरची पाठ

मला त्याचा चेहरा नीट आठवत नाही.
अकरा हंगाम मी गोलमध्ये उभा,
तो माझ्यापुढे वीसेक पावलांवर.
म्हणून मला माहीत आहे ती त्याची पाठ:
घामानं आधी कुठं भिजायची,
डाव्या खांद्याखाली कुऱ्हाडीच्या दांड्याचा जुना वण,
आणि गोंदानं चिकटवलेला पाच,
जो दुसऱ्या हाफमध्ये एका टोकानं सुटून
वाऱ्यावर फडफडायचा.

इस्तारी गेडाम. स्टॉपर.
कोरपन्याच्या आश्रमशाळेतून निघाला.
आधी राजुरा. मग घुग्घुसला खाणीच्या टीमकडून,
रोजंदारीवर, सकाळी कोळसा, दुपारी फुटबॉल.
"पर्मनंट करतो" असं चार साहेब म्हणाले,
चौघांचीही बदली झाली.
वणीला दीड महिना.
तुमसरला मँगनीजच्या धुळीत एक उन्हाळा,
तिथून आला तेव्हा त्याची थुंकीसुद्धा काळी होती.

मंडईच्या दिवसांत तर
ज्या गावाची जीप आधी येईल, त्या गावाचा.
एकदा सकाळी सिंदेवाहीकडून खेळला,
दुपारी सिंदेवाहीविरुद्ध.
बूट तेच, लेसची गाठ मारून गळ्यात टाकलेले.
जर्सी मात्र ज्याची त्याला परत, धुऊन.
भोंग्यावरचा माणूस सगळ्यांची नावं घ्यायचा
आणि पाचवर येऊन अडायचा:
"हे… आपले पाहुणे खेळाडू."

बल्लारपूरला तो पाहुणाही नव्हता.
तिथं तो एक हंगाम सुखदेव बावणे होता,
कारण यादीत सुखदेव होता आणि सुखदेवचा घोटा मोडला होता.
ते जिंकले. सर्टिफिकेट सुखदेवच्या नावानं आलं.
त्या कागदावर सुखदेव वनखात्यात लागला.
लग्नात आम्ही दोघं पंगतीला शेजारी बसलो.
मी काहीतरी बोलणार होतो.
तो वरण ओरपत म्हणाला,
"त्याले तरी लागली न गा."

त्याचे गोल? एक.
उमरेडला, कॉर्नरवर. त्यानं मान वळवली
आणि बॉल पाठीवर आपटून आत गेला.
उलटे गोल तीन. तिन्ही माझ्यावर.
त्यांच्या तारखा मात्र त्याला पाठ होत्या.

नव्या पोरांना तो एवढंच शिकवायचा:
"पायाकडं पाहू नोको, पाय लबाड रायते.
कंबर पाह्य. कंबर खोटं बोलत नाही."

नागभीडची शेवटची मॅच.
समोर लाखनीचा पोरगा, सतराचा असेल,
ओठावर मिशी नाही, धूळ होती.
दोनदा निसटला.
तिसऱ्यांदा निसटताना इस्तारीचा हात पुढे गेला,
शर्ट बोटांत येणारच होता.
मला मागून दिसलं:
हात थांबला.
मग स्वतःच्याच मांडीवर परत आला.

बॉल माझ्याही बगलेतून गेला.
जाळीतून तो इस्तारीनं काढला,
जर्सीला पुसला, माझ्या हातात दिला.
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
संपल्यावर सेक्रेटरी म्हणाले, जर्सी राहू दे तुलेच.
ती आठ दिवसांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर आली,
कागदात गुंडाळलेली, धुतलेली,
सुटलेला पाच सुईदोऱ्यानं शिवून.

परवा गाय घेऊन मूलला गेलो होतो.
गुरांच्या दवाखान्यात शिपाई आहे, ऐकलं होतं,
पण खाकीत ओळखू आला नाही.
तेवढ्यात कुणाचातरी गोऱ्हा
सुई बघून दावं तोडून सुटला.
डॉक्टर टेबलामागे. बाया व्हरांड्यात.
आणि अंगणाच्या मधोमध एक माणूस
गुडघे वाकवून, हात पसरून,
गोऱ्ह्याच्या शिंगांकडे नाही,
पुठ्ठ्याकडे बघत.

पाठ दिसली.
मी दावं सोडलं आणि कसा कोण जाणे
त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो,
वीसेक पावलांवर.

त्यानं वळून पाहिलं नाही.
"डावीकडं सरक गा," म्हणाला.

मी सरकलो.