सांगलीत, दुसऱ्यांदा

मुलगी म्हणाली, पुण्यातच राहा ना, बाबा,
बाणेरला, आमच्या खालच्या मजल्यावर.
मेहुण्याने नाशिक सुचवलं. हवा बरी, द्राक्षं स्वस्त.
मी वहीत रकाने आखले:
दवाखाना, पाणी, भाजी, स्मशान किती लांब.
शेवटचा रकाना खोडा, हेमलता म्हणाली.
सांगलीला मी मुद्दाम कमी मार्क दिले,
पक्षपात दिसू नये म्हणून.
तरी बेरीज तिकडेच झुकली. मिरजेतले डॉक्टर कामाला आले.

एकोणनव्वद ते चौऱ्याण्णव
या गावाच्या तारा मी सांभाळल्या.
रस्त्यांची नावं अजून चुकतात माझी,
पण कुठल्या कोपऱ्यावरची डीपी पावसाळ्यात गुरगुरायची,
हळदीच्या पेठेत कुठल्या खांबावर चढलं
की जेवतानाही बोटं पिवळी असायची,
ते विचारा.

एजंट मुजावर, पोरगेलासा,
घरं दाखवत होता. मॉड्युलर किचन, गॅलरी, पश्चिमेचा वारा.
मी विचारलं, एकोणीस साली पाणी कुठवर होतं?
तो हसला. "काका, तुम्ही इथलेच दिसताय."
आणि कमरेच्या वर, छातीच्या खाली
हात आडवा धरला.
नव्या रंगाखालून रेघ मलाही दिसली.
इथे तब्येत विचारावी तशी
माणसं आयर्विनखालची पातळी विचारतात, फुटांत.
आम्ही विश्रामबागेत दुसरा मजला घेतला.
लिफ्ट आहे. जनरेटर तेवढ्यापुरताच.

मला वाटलं, गाव मी निवडलं.
माझी पहिली नेमणूक, माझी सायकल,
रात्रपाळीनंतर माझा चहा.

तिसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात
बीपीच्या गोळ्यांची पट्टी कापता कापता
काउंटरपलीकडची बाई थांबली.
"घाटगे बाई ना? मी वैजयंता. नववी ब.
तुम्ही वर्तुळ अर्ध्यावर टाकून गेलात.
नंतरच्या सरांनी नुसती प्रमेयं पाठ करून घेतली."

हेमलताने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
"स्पर्शिका झाली होती की राहिली?"
"राहिली, बाई."

मी बाजूला उभा, मुठीत सुट्टे पैसे.
त्या वर्षीचा जानेवारी.
माझ्या बदलीचा कागद सोमवारी आला,
ती कायम झाल्याचा शुक्रवारी.
दोन्ही कागद आम्ही एकाच फायलीत लावले
आणि ट्रक सांगितला.
त्यावरून कधी भांडलोही नाही.
भांडलो ते आमटीतल्या मिठावरून,
माझ्या आईच्या खोलीवरून,
परभणीच्या उन्हावरून, चंद्रपूरच्या उन्हावरून.
ती फाईल अजून आहे. कुठल्या खोक्यात, ते तिला माहीत.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी
वैजयंताची मुलगी येते, सोबत दोन मैत्रिणी.
हॉलमधली सतरंजी त्यांची.
टीव्ही बंद, ही मला सूचना.
चहा मी करतो. साखर जास्त होते म्हणतात.

परवा सातच्या सुमाराला लाईट गेली.
मी उठलोच. खिडकीतून पाहिलं:
समोरची सोसायटी काळी, पलीकडचा पेट्रोलपंप लख्ख.
म्हणजे फीडर शाबूत, जंप तुटला असणार,
माणूस हाताशी असला तर अर्धा तास.
पायाने चपला शोधत होतो,
तेवढ्यात अंधारातून तिचा आवाज,
मी आजवर न ऐकलेला, वर्गातला:
"बसा हो. ज्यांचं काम आहे ते येतील."
मग मुलींना: "कंपासचं टोक उचलू नका.
उचललंत तर पुन्हा पहिल्यापासून."

मी बसलो.
भडंगाची वाटी कुठेतरी इथेच होती.
चाचपडत एक शेंगदाणा सापडला.
तो आवाज न करता खायचा प्रयत्न केला.