पंधरा तारीख

दिवस माहीत नसेल तर पंधरा लिहायची,
असा आमच्या नोंदणीचा नियम.
वर्ष ठाऊक, महिना ठाऊक,
दिवस तेवढा घरच्यांच्या डोक्यातून निसटलेला,
तर महिन्याचा मध्य धरायचा.
म्हणून गुलूच्या या खोलीत
बरीच मुलं पंधरा तारखेला जातात.
नवी होते तेव्हा वाटायचं,
तारीखच वाईट आहे.

जिल्ह्यातलं कुठलंही मूल,
गाठ जबड्यात असो, पोटात, डोळ्यामागे,
ते इस्पितळात आलेलं असो
नाहीतर नुसतंच पाद्रीबाबांच्या दफनाच्या वहीत,
ते माझं.
इस्पितळ आपल्या दारात आलेल्यांचं सांगतं.
मी वाटेतच राहिलेल्यांनाही धरते,
म्हणून माझा आकडा त्यांच्याहून खाली.
बैठकीत विचारतात, लामुनू, एवढा कसा खाली?
मी म्हणते, खाली नाही, पुरता आहे.

निदानानंतर पाच वर्षांनी
एकच प्रश्न विचारायचा : आहे का?
कसा आहे, शाळेत जातो का, रात्री दचकतो का,
याला रकाना नाही.
उत्तरांचा एक जिना काढतात कागदावर.
कुणी गेलं की पायरी उतरते.
ज्यांचा पत्ताच लागत नाही
त्यांच्यासाठी पायरी नाही,
रेघेवर एक बारीक उभी खूण,
भिंतीत अर्धवट ठोकलेल्या खिळ्यासारखी.

त्या दिवशी निघाले होते एकशे एकवीससाठी.
एकशे अठरा वाटेवर होता.
ओचेन. वय सहा. जबडा. मृत.
तारीख अर्थातच पंधरा.
माहिती कुणी दिली : शेजारी, फोनवर.
मेलेल्यांकडे आम्ही सहसा जात नाही.
पण कोमाकेचची मोटारसायकल तापली,
आणि पाण्यासाठी थांबलो ते नेमकं त्याच अंगणात.

तीळ पाखडत बसलेल्या बाईने
माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं
आणि सूप खाली ठेवलं.
इस्पितळाचं काही देणं राहिलंय का?
नाही, म्हटलं, नुसती चौकशी.
तेवढ्यात सायकलचं टायर काठीने पळवत
एक पोरगा आला, अकराएक वर्षांचा,
हनुवटी जराशी डावीकडे गेलेली.
हा कोण?
ओचेन.

आमच्यात जुळ्यातला आधी येतो तो ओपियो,
मागून येतो तो ओचेन.
नाव ऐकताच शेंबड्या पोरालाही कळतं
की हा एकटा आलेला नाही.
आणि मी, याच मातीतली,
पाच वर्षं ते नाव नुसतं वाचत होते.

मी याला घेऊन इस्पितळात होते, ती म्हणाली,
चौथी सुई चालू होती.
इकडे ओपियोला ताप भरला. एका रात्रीत.
तुमच्या माणसाने फोनवर विचारलं असेल,
लामारोचं पोर गेलं का?
गेलं होतं की.

मी 'मृत'वर आडवी रेघ मारली.
वर लिहिलं : जिवंत.
शेजारी आजची तारीख, तेवीस,
कुणालाही न विचारता लिहिता आलेली.
उद्या कागदावरची एक पायरी पुसली जाईल,
जिना केसभर वर सरकेल,
आणि खोटं कशाला बोलू,
त्या अंगणात मला हसू आलं.

मग ती म्हणाली, आता ओपियोचं लिही.
माझी वही गाठींची.
तापाने गेलेल्यांची कुणी ठेवत असेल तर
मला ठाऊक नाही.
हे तिला कसं सांगायचं,
हे प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.
वेळ काढायला विचारलं,
कधी गेला?
मंगळवारी, ती म्हणाली,
तिने आठवलंसुद्धा नाही, नुसतं सांगितलं,
मंगळवारी, बाजार उठत होता तेव्हा,
तारीख नऊ.

एकशे एकवीसचं घर सापडलं नाही.
लोक म्हणाले, ते नदीपलीकडे गेले,
कुणी म्हणालं, सुदानात.
त्याच्या नावापुढे खूण केली, बारीक, उभी.
परतताना कोमाकेचने विचारलं,
आज किती?
एक, म्हटलं. आणि वहीच्या मागच्या पानावर,
जिथे काहीच मोजत नाहीत,
एक नऊ तारीख.