कागदावरची थोरली

डोंगरांचं नाव मालोटी, नोटांचंही तेच.
महिन्यातून एकदा आम्ही नोटा घेऊन डोंगर चढतो,
गाडी जाते तिथवर गाडीने, पुढे तट्टावर.
शाळेच्या भिंतीशी टेबल मांडतो.
पेटी, शाईचा पॅड, रजिस्टर.
सत्तरीच्या आत कोणाला काही नाही.

मोसेला यायची घोड्यावरून,
ब्लँकेटला छातीशी मोठी पिन.
लगाम धरून पुढे केनेउए, पायी.

मोसेला म्हणजे शेपूट,
शेंडेफळाला ठेवतात हे नाव लेसोथोत.
पण मिशनमधल्या कुणा कारकुनाने
बाप्तिस्म्याच्या वहीत दोघींच्या ओळी उलटसुलट केल्या
आणि धाकटी चार वर्षं आधी म्हातारी झाली.

"उतरा, थोरल्या बाई," केनेउए म्हणायची,
आणि सगळी रांग बोळक्या तोंडाने हसायची.
"पाठीशी बांधून वाढवली हिला,
बघा, माझ्या पुढे निघून गेली, आगाऊ!"

मी नोटा मोजायचो. त्या दोघी पुन्हा मोजायच्या.
मक्याच्या पिठाचं पोतं, रॉकेल,
खाणीतून न परतलेल्या मुलाच्या पोरीला बूट
(दुकानदार एकेक विकत नाही, म्हणून दोन महिने थांबून),
आणि तपकीर, ती मात्र अर्धी-अर्धी.
एका सत्तरीवर पाच तोंडं.

मला माहीत होतं. खोऱ्याला माहीत होतं.
रजिस्टरात त्यासाठी रकाना नव्हता.

जुलैत, आमच्या ऐन थंडीत, घाट बर्फाने बुजला.
आम्ही वर गेलोच नाही.
ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे एकदम नेले.

केनेउए आली. घोडा रिकामा,
खोगिरावर ब्लँकेटची घडी, पिनेसकट.
आपला नंबर येईपर्यंत उभी राहिली.
कोणी हसलं नाही.

"गेली," म्हणाली. "कागदावर मोठी ना, तिचा मान पहिला."

जुलैत ती होती. जुलैचे तरी...
पण अंगठा लागतो, आणि तो तिचाच.

मग वाकून, वाचता येत नसताना,
उघड्या पानावर नजर ठेवून तिने विचारलं,
"साहेब, यात मी किती वर्षांची?"

अडुसष्ट, मी म्हणालो.

"एवढी तरणी?"

जाताना ती घोड्यावर बसली नाही.
लगाम धरून पुढे चालत राहिली,
वळणापर्यंत दिसत होती.
जुलैचं पाकीट पेटीत परत ठेवलं,
कुलूप लागायला वेळ लागला.
थंडी होती.