ओटावात आठ, इथे साडेनऊ

ओटावात आठ वाजतात
तेव्हा सेंट जॉन्समध्ये साडेनऊ.
हा दीड तास देवाने
अर्ज उशिरा भरणाऱ्यांसाठीच राखून ठेवला,
असं मी नव्या मुलांना सांगते.
हसत नाही कोणी.

मी संशोधन कार्यालयातली बाई.
कॅन्सरची पेशी मी कधी पाहिलेली नाही,
पण कुठल्या चौकटीत किती अक्षरं मावतात
ते तोंडपाठ आहे.
महत्त्वाला अडीच हजार, पद्धतीला सहा,
‘हे जमलं नाही तर?’ याला पाचशे.
दोन शब्दांमधली मोकळी जागाही
अक्षरातच धरतात.

मंगळवारी यादी पाठवते.
मोठा निधी, ज्यात सहातला एक तरतो.
तरुणांचा वेगळा;
पदवीनंतर पाच वर्षं उलटली की माणूस तरुण राहत नाही,
बाळंतपणाचे महिने मात्र वजा होतात,
दाखला जोडावा.
मग एका निधीपासून दुसऱ्यापर्यंत टाकायची फळी,
कागदोपत्री तिला पूल म्हणतात.
आणि तळाशी
मासळी कारखान्याच्या मालकिणीने
बहिणीच्या नावे ठेवलेले थोडे पैसे,
ज्यांना कुणी हात लावत नाही,
कारण त्यात पगार बसत नाही,
बसते फक्त यंत्रांची दुरुस्ती.

ब्राइड हॅनचा अर्ज तीनदा परत आला आहे.
तिच्या उणे ऐंशीच्या पेटीत
नऊ खाड्यांमधल्या गावांचं रक्त आहे,
एकाच पणजीची नातवंडं-पतवंडं,
चाळिशीत आतड्याने दगा दिलेली.
परीक्षक क्रमांक दोनने लिहिलं,
‘तळमळ दिसते. नावीन्य बेताचं.’
हा परीक्षक दोन मला ओळखीचा वाटतो.
प्रत्येक लग्नात एक जण रुसून बसतो ना,
तो.

या खेपेला सोप्या भाषेतला सारांश
आम्ही लिअँडर किओला वाचून दाखवला.
रुग्णांच्या बाजूने तो समितीवर असतो.
चाळीस वर्षं कॉड धरला,
आता पोटाला पिशवी.
टोपी गुडघ्यावर ठेवून त्याने सगळं ऐकलं,
मग पाचशे अक्षरांच्या चौकटीवर बोट टेकलं,
‘इथे पोरगी घाबरलीय.’

तिथे ब्राइडने पाच पर्याय लिहिले होते,
एकाहून एक शूर.

‘माझा बाप,’ तो म्हणाला,
‘रिकाम्या जाळ्याचीही नोंद ठेवायचा.
तारीख, खोली, वारा,
आणि पुढे: काही नाही.
मासे मिळाले ती जागा
त्याने आईलासुद्धा सांगितली नसती.
पण काही नाहीच्या जागा
रविवारी धक्क्यावर उभा राहून
सगळ्यांना वाचून दाखवायचा.
डिझेल वाचायचं लोकांचं.’

ब्राइड बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसली.
मग पाचही पर्याय खोडले,
एक वाक्य लिहिलं:
काही सापडलं नाही, तर कुठे सापडलं नाही ते छापू.

साडेचारशेच्या वर अक्षरं उरली.
माझ्या पोटात गोळा आला;
अर्धी रिकामी चौकट म्हणजे आळस, असं मानतात तिकडे.
पण मी काही बोलले नाही.

नऊ सव्वीसला कळ दाबली.
पडद्यावर ते चक्र फिरत राहिलं.
बंदरात धुक्याचा भोंगा दोनदा वाजला.
आला एक क्रमांक, चौदा आकडी.
उत्तर एप्रिलमध्ये.

तोवर पेटीचा कॉम्प्रेसर
दम्याच्या माणसासारखा घरघरतोय,
रात्री ब्राइड त्याच्याशेजारी खुर्ची टाकून झोपते.
म्हणून आज यादीच्या तळाशी गेले,
त्या बहिणीचा अर्ज काढला.
एकच पान, टाइपरायटरवरचं,
सगळ्यात वर नाव: फिलोमिना,
आणि खाली एकच प्रश्न,
काय बिघडलं आहे?

ब्राइडने विचारलं, किती अक्षरं?
मी पान उलटून पाहिलं.
कुठेच लिहिलेलं नव्हतं.